तसबीर मोबाइलमध्ये मावत नाही : जुन्या विनोदी नाटकावरून किशोरवयीनांचा चित्रपट कसा लिहावा

पटकथेच्या कार्यशाळांत माझ्यासमोर येणाऱ्या रूपांतरांत एक चूक इतक्या वेळा दिसते की तिच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. लेखक एखादे जुने नाटक उचलतो, वाड्याच्या जागी कॉलेज आणतो, शेठजींच्या अंगावर हुडी चढवतो, संवादांत चार इंग्रजी शब्द पेरतो आणि मूळ प्रवेश आहेत त्याच क्रमाने ठेवून मोकळा होतो. पहिली पंधरा पाने मजेत जातात. विसाव्या पानाच्या आसपास वाचणारा मान वर करून विचारतो, "पण हा तिला सरळ फोन का करत नाही?" आणि तिथे सगळी पटकथा जमिनीवर बसते.

खाली दिलेला क्रम हा प्रश्न विसाव्या पानाऐवजी पहिल्याच आठवड्यात विचारला जावा म्हणून आखलेला आहे. चालते उदाहरण म्हणून गो. ब. देवलांचे 'संशयकल्लोळ' घेतले आहे, आणि इंग्रजीत झालेले काम जिथे अधिक बोलके आहे तिथे त्याचा दाखला दिला आहे. पहिल्या सात टप्प्यांत संवादाची एकही ओळ लिहायची नाही, ही अट मात्र आधीच मान्य करून घ्यावी.

टप्पा १ : नाटकाची निवड आणि हक्कांची तपासणी

नाटकाला हशे किती पडतात यावर निवड करू नये. हशे कशावर पडतात ते पाहावे. कोट्यांवर आणि भाषेच्या वळणावर उभे असलेले नाटक कालांतर सोसत नाही, आणि एखाद्या नटाच्या लकबींवर चाललेले नाटक त्या नटाबरोबरच संपलेले असते. कोणी काय पाहिले आणि त्याचा अर्थ काय लावला, या प्रसंगरचनेवर ज्याचा विनोद उभा आहे, तेच नाटक स्थळ, काळ आणि वय बदलूनही चालते. कसोटी सोपी आहे : नाटकाचे कथानक संवादाशिवाय, फक्त हालचाली सांगून, एखाद्या मित्राला ऐकवावे. तो हसला तर पुढे जावे.

हक्कांबाबत भारतातील सर्वसाधारण नियम असा की लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. देवलांचे निधन १९१६ मध्ये झाले, त्यामुळे त्यांची संहिता केव्हाच मुक्त आहे. आचार्य अत्रे १९६९ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या नाटकांसाठी २०२९ संपेपर्यंत परवानगी लागेल, पु. ल. देशपांडे २००० मध्ये गेले, तेथे ही मुदत २०६० च्या अखेरीस संपेल. फसगत होते ती रूपांतरित नाटकांत. 'ती फुलराणी'चे मूळ असलेले 'पिग्मॅलियन' भारतात २०११ पासून मुक्त आहे, कारण त्याचे लेखक जॉर्ज बर्नार्ड शॉ १९५० मध्ये वारले. त्यामुळे शॉवरून चित्रपट लिहायला आडकाठी नाही, पण पु. लं.नी घडवलेली मंजुळा, तिची भाषा आणि त्यांनी रचलेले प्रसंग घेता येणार नाहीत. 'संशयकल्लोळ'ची साखळी मोलिएरच्या १६६० च्या 'स्गानारेल'पासून आर्थर मर्फीच्या १७६१ च्या 'ऑल इन द राँग'मधून देवलांपर्यंत येते आणि तिच्यातला प्रत्येक दुवा मुक्त आहे. मात्र मोलिएरचा अलीकडचा अनुवाद, नाटकाच्या नव्या आवृत्तीतील टीपा आणि नाट्यपदांची ध्वनिमुद्रणे यांचे हक्क वेगळे असतात.

सावधान : त्याच नाटकावर आधी कोणी चित्रपट केला असेल, तर त्यात नव्याने घातलेले प्रसंग त्या चित्रपटकर्त्यांचे आहेत. पटकथा पूर्ण होईपर्यंत तो चित्रपट पाहू नये, हे उत्तम. पाहिलेले हातात उतरते.

टप्पा २ : नाटक सुटे करून तक्ता मांडणे

आता नाटक वाचायचे ते घड्याळजी घड्याळ उघडतो तसे. एका जाड वहीत प्रत्येक प्रवेशासाठी चार रकाने आखावेत : पात्राने काय पाहिले, त्यावरून काय समजून घेतले, खरे काय होते, आणि प्रेक्षकाला ते कधी कळले.

'संशयकल्लोळ'मधला कळीचा भाग या रकान्यांत बसवून पाहू. रेवतीला रस्त्यात भोवळ येते आणि वाटेने जाणारे फाल्गुनराव तिला सावरतात. हे त्यांची बायको कृत्तिका पाहते आणि समजते की नवऱ्याचे बाहेर काहीतरी आहे. खरे म्हणजे तो अनोळखी मुलीला पडण्यापासून वाचवत होता, आणि प्रेक्षकाने ते सगळे डोळ्यांदेखत पाहिले आहे. या गडबडीत रेवतीजवळची, तिच्यावर प्रेम करणाऱ्या आश्विनशेठची तसबीर खाली पडते आणि कृत्तिकेच्या हाती लागते. ती तसबीर न्याहाळताना फाल्गुनरावाला दिसते आणि आता त्याला बायकोचा यार सापडतो. पुढे तीच तसबीर आश्विनशेठला फाल्गुनरावाच्या हातात दिसते आणि रेवतीविषयी त्याचे डोके फिरते. एक भोवळ, एक तसबीर, चार माणसे आणि तीन चुकीचे निष्कर्ष. त्यातला प्रत्येक निष्कर्ष बघणाऱ्याच्या जागी उभे राहून पाहिल्यास अगदी रास्त.

हा तक्ता भरताना शेवटचा रकाना सर्वांत काळजीने भरावा. या नाटकात प्रेक्षक जवळजवळ नेहमीच पात्रांच्या पुढे असतो. नवे पटकथाकार नेमके हेच बिघडवतात : चित्रपटात 'ट्विस्ट' हवा म्हणून ते खरी गोष्ट प्रेक्षकापासून लपवतात आणि प्रहसनाचे रहस्य होऊन बसते. ज्याला खरे ठाऊक नाही तो चक्रावतो, तर ज्याला ठाऊक आहे तोच हसतो.

तपासणी : तक्त्यातील दुसरा रकाना झाकून पहिला एखाद्या तिऱ्हाइताला वाचून दाखवावा आणि 'तुला काय वाटले असते?' असे विचारावे. त्याचे उत्तर पात्राच्या निष्कर्षाशी जुळले नाही, तर तो गैरसमज पुढे पडद्यावरही ओढूनताणून आणलेला वाटेल. अशा जागेवर आत्ताच लाल खूण करावी.

टप्पा ३ : नाटकाला बांधणारा नियम शोधणे

माझ्या मते सगळे रूपांतर या टप्प्यावर ठरते, आणि बहुतेक लेखक हाच टप्पा ओलांडून पुढे जातात. प्रत्येक चांगल्या विनोदी नाटकाच्या तळाशी एक निर्बंध असतो. तो काढला तर सगळे गुंते पाच मिनिटांत सुटतात. रूपांतर करायचे ते या निर्बंधाचे. कथानक त्याच्या मागोमाग येते.

शेक्सपिअरच्या 'द टेमिंग ऑफ द श्रू'मध्ये, म्हणजे मराठी रंगभूमीने 'त्राटिका' म्हणून ओळखलेल्या नाटकात, बापाचा नियम असा की थोरलीचे लग्न झाल्याशिवाय धाकटीचे होणार नाही. १९९९ च्या 'टेन थिंग्ज आय हेट अबाउट यू' या चित्रपटाने हाच नियम अमेरिकी हायस्कूलमध्ये नेला : थोरली मुलगी कोणाबरोबर फिरायला जाऊ लागेपर्यंत धाकटीलाही परवानगी नाही. असला नियम विसाव्या शतकाच्या अखेरीस कोणता बाप करील, या प्रश्नाचे उत्तर पटकथेने बापाच्या व्यवसायात ठेवले. तो प्रसूतितज्ज्ञ आहे आणि कोवळ्या वयात आई झालेल्या मुली रोज पाहतो. नियम जुनाच राहिला, कारण तेवढे नवे झाले, आणि त्या एका सांध्यावर चित्रपट तोलला गेला. हुंड्याच्या लोभाने आलेल्या वराच्या जागी पैसे घेऊन मुलीला फिरायला नेणारा मुलगा आला, तोही याच हिशोबाने.

शेक्सपिअरच्याच 'ट्वेल्फ्थ नाइट'वरून २००६ मध्ये आलेल्या 'शी इज द मॅन'मध्ये जहाजफुटीला काही अर्थ उरला नसता. मूळ नाटकात जहाज फुटून भाऊ बुडाला अशी नायिका व्हायोलाची समजूत असते. चित्रपटातला जुळा भाऊ गुपचूप लंडनला निघून जातो, बहिणीच्या शाळेतला मुलींचा फुटबॉल संघ रद्द झालेला असतो, आणि ती भावाच्या नावाने त्याच्या शाळेत जाऊन मुलांच्या संघातून खेळते. वेषांतराला कारण मिळाले आणि भाऊ परतण्याची टांगती तलवारही मिळाली.

तर आपल्या नाटकाचा नियम एका वाक्यात लिहून काढावा. वाक्याचा साचा दोनपैकी एक असतो : 'अमुक झाल्याशिवाय तमुक होणार नाही' किंवा 'अमुक उघडपणे विचारता येत नाही, कारण…'. 'संशयकल्लोळ' दुसऱ्या साच्यात बसते. कोणीही कोणाला सरळ विचारत नाही, कारण विचारणे म्हणजे आपल्या मनातला संशय आणि आपली भीती चारचौघांत उघडी करणे. ही अडचण सतराव्या वर्षी कमी होत नाही, उलट वाढते. 'तू तिच्याबरोबर काय करत होतास?' असे विचारणारी मुलगी त्याच क्षणी 'मला फरक पडतो' अशी कबुली देते, आणि ती कबुली संध्याकाळपर्यंत सगळ्या ग्रुपला कळते. म्हणजे हे नाटक किशोरवयीनांत नेण्यासारखे आहे.

सावधान : नियमाचे वाक्य दोन ओळींच्या वर जात असेल, तर नियम सापडलेला नाही, कथानकच पुन्हा लिहिले गेले आहे.

टप्पा ४ : वये आणि नाती नव्याने लावणे

जुन्या नाटकांत विवाह ही गाठ असते. किशोरवयीनांच्या चित्रपटात तितकीच घट्ट गाठ कोणती, हे पात्रागणिक ठरवावे लागते. फाल्गुनराव आणि कृत्तिका यांना आईवडील करून टाकणे हा पहिला सुचणारा मार्ग आहे आणि तो मी टाळीन, कारण नाटकातला सर्वांत चविष्ट संशय त्या दोघांचा आहे. तो मोठ्यांकडे गेला की मुले आपल्याच चित्रपटात दुय्यम होतात. त्याऐवजी त्यांना बारावीतली 'जुनी जोडी' करावे. दहावीच्या क्लासपासून एकत्र असलेले, शिक्षकांनाही माहीत असलेले, ज्यांना सगळे 'आई-बाबा' म्हणून चिडवतात असे दोघे. चारचौघांत त्यांचे नाते लग्नाइतकेच गृहीत धरलेले आहे, म्हणून ते मोडण्याची भीतीही तितकीच.

रेवतीचा प्रश्न अवघड आहे. नाटकात ती नायकिणीच्या घरातली आहे आणि तिच्याविषयी वाईट ग्रह चटकन होतो तो या पार्श्वभूमीमुळे. ही पार्श्वभूमी पुसून तिला एखादी श्रीमंत, नखरेल मुलगी केले, तर लोक संशय का घेतात हेच कळेनासे होते. आजच्या महाराष्ट्रात तिची आई कला केंद्रात नाचणारी असू शकते, आणि मुलगी ते कॉलेजात कोणाला सांगत नाही. एवढ्या एका गोष्टीने तिचे अर्धवट बोलणे, पत्ता टाळणे, संध्याकाळी गायब होणे हे सारे खरे होते आणि बाकीच्यांना संशय घ्यायला जागा मिळते. मात्र येथे हात सांभाळून काम करावे. हशा संशय घेणाऱ्यांच्या मूर्खपणावर पडला पाहिजे. तिच्या आईच्या पेशावर एक जरी विनोद पडला तरी तो काढून टाकावा.

नोकरचाकरांच्या भूमिकांचे काय करावे, असे हमखास विचारले जाते. फाल्गुनरावाच्या घरच्या भादव्यासारखा माणूस कॉलेजात सहज सापडतो : पहिल्या वडापावाला हेरगिरी कबूल करणारा अकरावीचा ज्युनिअर.

नावांच्या मोहात पडू नये. देवलांनी पुरुषांना महिन्यांची आणि स्त्रियांना नक्षत्रांची नावे दिली, ती युक्ती मजेदार आहे. पण आजच्या वर्गात फाल्गुन, आश्विन आणि वैशाख एकदम आले की प्रेक्षकाला लेखक दिसतो. मुलींच्या वसतिगृहातल्या खोल्यांना नक्षत्रांची नावे दिली की ऋण फिटले. 'टेन थिंग्ज'ने मूळ नाटकातल्या गावावरून शाळेचे नाव पादुआ ठेवून हेच केले होते.

टप्पा ५ : मोबाइलचा बंदोबस्त

आता तो प्रश्न. हाताशी फोन असताना गैरसमज टिकतो कसा?

तीन पळवाटा सर्रास वापरल्या जातात आणि तिन्ही वाईट आहेत. फोनची बॅटरी संपते. फोन पाण्यात पडतो. गावात रेंज नसते. यांतली एखादी एकदा चालून जाईल, पण संपूर्ण चित्रपट त्यावर तोलता येत नाही, कारण प्रेक्षकाला ठाऊक असते की मित्राचा फोन घेता येतो.

योग्य मार्ग असा की फोनला गैरसमज मिटवण्याचे साधन न ठेवता वाढवण्याचे साधन करावे. टप्पा ३ मधला नियम पक्का असेल तर हे आपोआप घडते. 'लास्ट सीन' रात्री दोन वाजता दिसतो. निरोप वाचल्याच्या निळ्या खुणा येतात आणि उत्तर येत नाही. 'टायपिंग' असे दिसते, थांबते, पुन्हा दिसते आणि शेवटी नुसते 'ओके' येते. देवलांच्या काळी फाल्गुनरावाला संशयासाठी खिडकीशी उभे राहावे लागे. आता तो अंथरुणात पडल्या पडल्या घेता येतो. फोन करून विचारण्याची सोय असूनही पात्र विचारत नाही, हे पाहताना प्रेक्षक जास्त हसतो, फक्त बोट कॉलच्या बटणावर जाऊन परत येताना दिसले पाहिजे.

तसबिरीचा मुद्दा वेगळा आहे आणि येथे मी स्वतः आपटलो आहे. एका कनिष्ठ महाविद्यालयात अशाच एका मसुद्याचे वाचन केले होते, त्यात मी तसबिरीच्या जागी मोबाइलमधला फोटो ठेवला होता. रेवतीच्या फोनमधला आश्विनचा फोटो कृत्तिकेला दिसतो, ती तो स्वतःला पाठवून घेते, वगैरे. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, फोटो कोणाकडेही असू शकतो. माझ्याकडे सगळ्या वर्गाचे आहेत." वर्ग हसला, मसुदा संपला. तसबीर काम करते ती एकुलती एक असल्यामुळे. ती एकाच्या हातात असेल तर दुसऱ्याकडे नसते. ती कोणी दिली, कोणाकडून गेली, हा इतिहास तिला चिकटलेला असतो. मोबाइलमधल्या फोटोला असा इतिहास नसतो, त्याच्या हव्या तितक्या प्रती निघतात.

म्हणून मूळ वस्तूचे गुण आधी लिहून काढावेत आणि मग आजची वस्तू शोधावी. तसबिरीचे गुण चार : एकच प्रत, तीवर ओळखू येणारा चेहरा, सहज पडण्याजोगी, आणि परक्याच्या हातात दिसली तर खुलासा मागणारी. या चारही गुणांची वस्तू प्रत्येक कॉलेजात मुलांच्या गळ्यात लटकत असते, ती म्हणजे ओळखपत्र. आश्विनने आपले ओळखपत्र रेवतीला दिले आहे, कारण तिच्या कार्डावर ग्रंथालयाचा दंड चढला आहे आणि परीक्षेसाठी पुस्तक हवे आहे. एसटी स्टँडवर तिला उन्हाने भोवळ येते. फाल्गुन तिला बाकावर बसवून पाणी आणायला धावतो. कृत्तिका समोरच्या झेरॉक्सच्या दुकानातून हे पाहते. ती तावातावाने येईपर्यंत दोघेही गेलेले असतात आणि बाकाखाली निळ्या नाडीचे कार्ड पडलेले असते. ती ते उचलून फोटो नीट पाहते, रुमालाने धूळ पुसते. पाण्याची बाटली घेऊन परतलेला फाल्गुन लांबूनच पाहतो : आपली कृत्तिका दुसऱ्या मुलाच्या फोटोवरून हळुवार हात फिरवत आहे. शिवाय कार्ड नसेल तर फाटकावर अडवतात, त्यामुळे आश्विनला ते शोधत फिरणे भाग आहे, हा वेग नाटकातल्या तसबिरीलाही नव्हता.

तपासणी : नव्या वस्तूऐवजी 'स्क्रीनशॉट' ठेवून प्रसंग चालतो का, ते पाहावे. चालत असेल तर वस्तू चुकली.

टप्पा ६ : स्वगत, जनांतिक आणि पदे

रंगमंचावर पात्र प्रेक्षकांकडे वळून मनातले बोलते (स्वगत) किंवा बाकीच्या पात्रांना ऐकू जात नाही असे मानून एखाद्याशी हळूच बोलते (जनांतिक). हे जसेच्या तसे कॅमेऱ्याकडे बघून बोलण्यात बदलणे सोपे आहे आणि म्हणूनच घातक. एका पात्राला ही सवलत देता येईल, सर्वांना दिली तर संशयाची गंमत जाते, कारण मग प्रत्येकजण आपली बाजू मांडणारा वकील होतो. स्वगताचे काम पडद्यावर अनेकदा क्लोज-अप करतो. आणि आजच्या मुलांकडे स्वगताचे एक हुबेहूब साधन आहे, ते म्हणजे लांबलचक लिहून, दोनदा वाचून, न पाठवता पुसून टाकलेला निरोप. फाल्गुनचे अख्खे स्वगत असे पुसले जाताना दाखवता येते.

पदांपैकी फार तर एक ठेवावे आणि तेही प्रसंगात गायला खरे कारण असेल तरच, उदाहरणार्थ स्नेहसंमेलनाच्या तालमीत. ठेवलेल्या पदाचा कर्ता कोण, चाल कोणाची, याची चौकशी स्वतंत्रपणे करावी; प्रयोगात गायली जाणारी सगळीच पदे नाटककाराची असतात असे नाही.

टप्पा ७ : वनलाइन बांधणे

आता वनलाइन, म्हणजे एकेका ओळीत मांडलेली प्रसंगांची यादी, लिहावी, प्रत्येक प्रसंगासाठी एक कार्ड. रंगमंचावर पात्रांना एकाच दिवाणखान्यात आणावे लागते, म्हणून जुन्या नाटकांत माणसे योगायोगाने नको त्या वेळी येतात. चित्रपटात कॅमेरा माणसांकडे जाऊ शकतो, तेव्हा असले योगायोग निम्म्याने कमी करावेत आणि उरलेल्यांना वेळापत्रकाचा आधार द्यावा. कॉलेजात हा आधार फुकट मिळतो : मधली सुट्टी, प्रॅक्टिकलची बॅच, सव्वापाचची एसटी. सगळे एकाच वेळी स्टँडवर असणे हा तेथे योगायोग राहत नाही.

क्रमाबाबत एकच आग्रह आहे. पहिला गैरसमज दाखवण्याआधी पात्रांचे चांगले दिवस किमान तीन प्रसंगांत दाखवावेत. नाटकाचा प्रेक्षक नवरा-बायको म्हटले की नाते गृहीत धरतो; अकरावी-बारावीच्या जोडीचे नाते मात्र पाहिल्यावरच मोलाचे वाटते. त्याचप्रमाणे शेवट एकाच ठिकाणी, सगळे समोरासमोर असताना, ओळखपत्र हातोहात फिरून मूळ मालकाकडे जाताना व्हावा. येथे नाटकाची दिवाणखान्याची रचना जशीच्या तशी उपयोगी पडते. तिला हात लावू नये.

जुना शेवट आज पटण्याजोगा नसेल तर तो बदलावाच लागतो. 'श्रू'मधील पत्नीने पतीपुढे नमते घेण्याचे लांब भाषण 'टेन थिंग्ज'ने काढले आणि त्या जागी वर्गात वाचलेली, मुलीच्याच मनातली कविता ठेवली. भाषणाची जागा आणि वजन कायम राहिले, आशय उलटला. आपल्या उदाहरणात जोडीदाराचा फोन तपासणे, पासवर्ड मागणे, पाळत ठेवणे या गोष्टी प्रेमाची खूण म्हणून माफ होता कामा नयेत. फाल्गुन आणि कृत्तिका पुन्हा एकत्र येतील किंवा येणार नाहीत, पण पाळतीची किंमत त्यांना मोजावी लागली पाहिजे.

टप्पा ८ : संवाद, सर्वांत शेवटी

आता संवाद लिहावेत आणि बोलीचा मोह आवरावा. लेखनापासून प्रदर्शनापर्यंत सहज दोन वर्षे जातात. आज वर्गात चालणारा शब्द तोपर्यंत शिळा होतो, आणि मुलांना शिळ्या शब्दाइतके दुसरे काही हास्यास्पद वाटत नाही. दर पानाला एखादाच ताजा शब्द पुरे. मुलांचे बोलणे खरे वाटते ते अर्धवट वाक्यांमुळे, एकमेकांचे बोलणे तोडण्यामुळे आणि भलत्याच वेळी भलताच विषय काढण्यामुळे. गावाची बोली धरली तर ती शेवटपर्यंत सांभाळावी. सांगली-मिरजेची मुले दुसऱ्या अंकात पुण्याची होऊ नयेत.

टप्पा ९ : वाचन

मसुदा मोठ्यांसमोर वाचण्याआधी सोळा-सतरा वर्षांच्या दहा-बारा मुलांसमोर वाचावा, आणि त्यांच्या शिक्षकांना त्या वेळी बाहेर चहाला पाठवावे. 'आवडले का' असे विचारू नये. 'तू असतास तर काय केले असतेस?' हा प्रश्न प्रत्येक गैरसमजापाशी थांबून विचारावा. 'सरळ विचारले असते' असे निम्म्याहून अधिकांनी म्हटले, तर संवादांना हात न लावता थेट टप्पा ३ वर परतावे.

टप्पा १० : चित्रीकरणाची आणि संकलनाची पूर्वतयारी

चौदा वर्षांखालील कलाकार असतील, कृत्तिकेचा धाकटा भाऊ वगैरे, तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यावी लागते. नियमांनुसार अशा मुलाकडून दिवसात पाच तासांहून अधिक आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक काम करून घेता येत नाही, सलग २७ दिवसांहून जास्त चित्रीकरण चालत नाही, आणि त्याच्या उत्पन्नाच्या किमान २० टक्के रक्कम त्याच्या नावाने बँकेत मुदत ठेवीत ठेवावी लागते. हे वनलाइन ठरवतानाच ध्यानात घ्यावे. रात्रीच्या स्नेहसंमेलनात त्या भावाला बारा पाने दिलेली असतील तर निर्मितीप्रमुख ती पाने नाइलाजाने फाडील. सेन्सॉरच्या प्रमाणपत्राचाही विचार आधीच करावा. २०२४ च्या नियमांपासून 'यूए'चे, म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाने पाहण्याच्या प्रमाणपत्राचे, ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन गट झाले आहेत, आणि अकरावी-बारावीच्या मुलांसाठी लिहिलेला चित्रपट '१३+'मध्ये बसला तरच नववी-दहावीची मुलेही निर्धास्तपणे येतील. पात्रे अठरा वर्षांखालील असल्याने शारीरिक जवळिकीचे प्रसंग संहितेतच ठेवू नयेत. नाटकालाही त्यांची गरज लागली नव्हती.

शेवटची सूचना संकलकासाठी लिहून ठेवावी. रंगमंचावर हशा पडला की नट थांबतो, आणि संहितेतल्या पुष्कळ ओळी त्या थांब्यासाठीच पातळ ठेवलेल्या असतात. पडद्यावरचा नट थांबू शकत नाही. हशाची जागा मोकळी सोडली तर रिकाम्या प्रेक्षागृहात ती भकास वाटते. न सोडली तर भरलेल्या प्रेक्षागृहात पुढचा संवाद हशात बुडतो. म्हणून प्रत्येक मोठ्या हशानंतरचा क्षण शब्दांविना, पण काही घडत असलेला लिहावा. स्टँडवरच्या प्रसंगात कृत्तिकेच्या हातातले कार्ड पाहून फाल्गुन थिजतो, हशा पडतो, आणि त्याच्या हातातली पाण्याची बाटली हळूहळू कलंडून त्याच्याच बुटांवर रिकामी होत राहते. ती पूर्ण रिकामी झाल्यावरच त्याने तोंड उघडावे.